वन्सं, डोनट आणि माझं स्वयंपाकघर

ता. ३, शनिवार

दवाखान्यात बसून लिहिते आहे. आत डॉक्टर एका बाईंची दाढ काढताहेत, बाहेर तिचा नवरा तिच्यापेक्षा जास्त घाबरून बसलाय, आणि काउंटरवर मला काम नाही. औषध कंपनीच्या माणसाने ही डायरी फुकट दिली तेव्हा म्हटलं होतं, मी कसली डायरी लिहितेय. पण आज लिहायलाच हवं, कारण आज मी स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतलाय.

झालं असं की डॉक्टरांनी सांगितलं, चोवीस तारखेला आपण नव्या, मोठ्या जागेत जातोय, त्या दिवशी सगळ्यांनी घरून काहीतरी करून आणा. आत मदतीला असते ती मुलगी पटकन म्हणाली, मी सँडविच आणते. एक्स-रे काढणारा म्हणाला, मी फळं आणतो. फळं आणण्यात कसली आली करामत? आणि मग माझ्या तोंडून निघून गेलं की मी डोनट आणते, घरी केलेले, यीस्टचे, वर मेपलचं फ्रॉस्टिंग. सगळे माझ्याकडे बघायला लागले. दिवसभर पेशंटना गोड खाऊ नका म्हणून दम देणारे डॉक्टर म्हणाले, माझ्यासाठी दोन जास्तीचे आणा.

मी जन्मात डोनट केलेले नाहीत. आमच्या लेकीने गेल्या महिन्यात पार्सलने मेपल सिरपची, म्हणजे एका झाडाच्या रसाच्या पाकाची, बाटली पाठवली, त्यासोबत चिठ्ठीत लिहिलं की आई, याचं फ्रॉस्टिंग डोनटवर फार छान लागतं, पण तुला नाही जमायचं. तेव्हापासून ते डोक्यात बसलं होतं. लेक माझीच आहे, मला कुठे टोचायचं ते तिला बरोबर ठाऊक आहे.

आणि हे सगळं करायचं कुठे, तर माझ्या स्वयंपाकघरात, जे सध्या माझं राहिलेलं नाही. वन्सं आल्यात. वन्सं म्हणजे यांच्या मोठ्या बहीण, हॉस्पिटलात मेट्रन होत्या. लग्न केलं नाही, वॉर्ड सांभाळले. निवृत्त झाल्या, क्वार्टर सोडावं लागलं, तेव्हा दुसरी जागा मिळेपर्यंत म्हणून आमच्याकडे आल्या. त्याला आता बरेच दिवस झाले. बाई स्वभावाने वाईट नाहीत. पण मी भांडं घासून ठेवलं की त्या ते पुन्हा घासतात. नळ पुसतात. माझे चमचे त्यांनी उंचीप्रमाणे लावून ठेवलेत. आपल्याच घरात चमचा शोधावा लागतो म्हणजे काय.

ता. ४, रविवार

पहिला प्रयत्न पाण्यात गेला. खरं तर दुधात गेला.

लेकीने फोनवर कृती सांगितली होती. कोमट दुधात साखर आणि यीस्ट घालायचं, फेस आला की मैदा, अंडं, लोणी. दूध कोमट करून ओट्यावर ठेवलं आणि यीस्टचं पाकीट शोधायला गेले. परत येऊन यीस्ट घातलं. फेस नाही. अर्धा तास वाट पाहिली, एक बुडबुडा नाही. दुकानदाराने शिळं यीस्ट गळ्यात मारलं म्हणून मी त्याचा उद्धार करत होते, तेवढ्यात वन्सं दारात येऊन शांतपणे म्हणाल्या की दूध नीट उकळलेलं दिसलं नाही, म्हणून मी पाकीट शोधत होते तेवढ्यात त्यांनी ते पुन्हा चांगलं उकळलं आणि झाकून ठेवलं. निर्जंतुक केलं. यीस्टसकट सगळंच निर्जंतुक झालं.

मी ते दूध मोरीत ओतलं. त्यांनी पातेलं घासायला घेतलं. हे सोफ्यावर पेपरमागे लपले.

दुपारी धाकट्या बहिणीला फोन केला आणि मन मोकळं केलं. अगदी स्पष्ट म्हणाले, ही बाई माझ्या डोक्यावर बसली आहे, मला माझं स्वयंपाकघर परत हवंय. मला फार बरं वाटलं. वन्सं तेव्हा आतल्या खोलीत झोपल्या होत्या. ते दार नीट लागत नाही, कधीची यांना सांगतेय बिजागरी बघा म्हणून. सबंध गावाच्या लिफ्ट दुरुस्त करतात आणि घरातलं एक दार होत नाही.

फोन ठेवला आणि लगेच वन्सं बाहेर आल्या, कपडे बदलून, केस विंचरून. जरा फिरून येते म्हणाल्या. झोपेतून उठून माणूस इतकं टापटीप कसं दिसतं कोण जाणे. नर्सना सवय असेल.

ता. ७, बुधवार

वन्सं आता रोज संध्याकाळी फिरायला जातात. चांगलंच आहे. पण परत आल्या की गॅलरीत उभ्या राहून हळू आवाजात फोनवर बोलतात. मी गेले की "बरं, कळवते" म्हणून ठेवतात. माझ्याबद्दलच बोलत असणार. मी काय गुन्हा केलाय? दूध तर त्यांनी उकळलं.

ता. १०, शनिवार

आज दवाखाना अर्धा दिवस. घरी येऊन दुसरा घाट घातला. या वेळी दुधाजवळ पहारा ठेवला. यीस्ट छान फसफसलं. मैदा मळायला घेतला. पीठ हाताला चिकटलं की माझा हात आपोआप कोरड्या पिठाच्या डब्याकडे जातो, आयुष्यभराची सवय आहे. चिकटलं, घातलं. चिकटलं, घातलं. शेवटी गोळा असा गुळगुळीत झाला की मला माझंच कौतुक वाटलं. पेल्याने गोल कापले, मध्ये बाटलीच्या झाकणाने भोक पाडलं, तळले.

खिडकीच्या काचेवर मारला असता तर काच फुटली असती.

हे चार खाऊन लोटाभर पाणी प्यायले आणि म्हणाले, पोटभरीचे झालेत. वन्संनी एक घेतला, चहात बुडवून शेवटपर्यंत खाल्ला आणि चव चांगली आहे म्हणाल्या. वन्सं कधी खोटं बोलत नाहीत. माझ्या वाट्याला आल्या तेव्हाच नेमकं खोटं बोलल्या याचा मला भयंकर राग आला.

लेकीला फोन केला तर ती हसतच सुटली. म्हणाली, पीठ चिकटायलाच हवं गं आई, किती मैदा कोंबलास? आणि मग म्हणाली, आत्याने मला आधीच सगळी कृती विचारून घेतली होती, पण तुला वाईट न वाटता कसं सांगायचं ते तिला सुचेना. म्हणजे बघा. माझ्या मागे माझ्या पिठाची चर्चा चालते.

ता. ११, रविवार

आज जे झालं ते नीट लिहून ठेवते.

सकाळी उठून बघते तर मैद्याचा डबा ओट्यावर नाही. वन्संनी मोजून तेवढा मैदा परातीत काढून ठेवला होता आणि डबा वरच्या फळीवर, जिथे माझा हात पोचत नाही. माझं डोकं सणकलं. पण त्यांनी वाटीतलं तेल पुढे केलं आणि म्हणाल्या, हाताला हे लाव, पीठ लावू नकोस. लेकीने शिकवलेलं असणार. मी मुकाट्याने लावलं. ते पीठ म्हणजे नुसता चिखल, बोटांना धरून लोंबत होतं. मी डब्याकडे बघितलं की वन्सं माझ्याकडे बघत. पंधरा-वीस मिनिटं मळलं आणि हळूहळू ते मऊ, कोवळं झालं, लहान बाळाच्या गालासारखं.

मग ते फुगवायला ठेवायचं. हवा गार होती, तेव्हा वन्संनी गरम पाण्याची पिशवी आणली, तिच्यावर टॉवेल, टॉवेलवर पातेलं, वर दुसरा टॉवेल. थर्मामीटरही लावणार होत्या, पण मी लावू दिला नाही. हे ऑफिसातून आलेल्या फोनवर सांगत होते की घरात पेशंट आहे.

तासाभराने पीठ दुप्पट झालेलं. खरोखर दुप्पट. मी वेडी झाले आनंदाने. लाटून, कापून पुन्हा थोडा वेळ ठेवले. आता तळायचे कधी ते कसं कळणार? तर वन्संनी एका डोनटच्या कडेला बोट दाबलं. खड्डा पडला आणि हळूहळू अर्धा भरून आला. म्हणाल्या, वॉर्डात सुजलेले पाय असेच बघायचो, बोट दाबून. मी म्हटलं, माझ्या डोनटना पेशंट म्हणू नका. तर म्हणाल्या, पेशंटपेक्षा बरे आहेत, तक्रार करत नाहीत.

आणि मग आम्ही दोघी हसलो. वन्संना असं हसताना मी पहिल्यांदाच बघितलं. हसल्या की त्यांचा एक दात थोडा पुढे येतो. मी दातांच्या दवाखान्यात नोकरी करते आणि मला हे आजवर माहीत नव्हतं.

पुढे तेल जास्त तापलं आणि डोनट बाहेरून काळपट, आतून कच्चे राहिले. तरी वाईट वाटलं नाही. तळता तळता वन्संनी एका म्हाताऱ्या पेशंटची गोष्ट सांगितली. हॉस्पिटलच्या जेवणाला कंटाळून तो रोज खिडकीतून खारीला बोलवायचा आणि तिला स्वतःची बिस्किटं द्यायचा, आणि मेट्रन म्हणून त्याला रागवायचं सोडून या रोज त्याला एक बिस्कीट जास्त द्यायच्या. मला वाटायचं, बाई नुसती शिस्त आहे.

संध्याकाळी त्या पुन्हा फिरायला गेल्या. आज तरी जायला नको होतं.

ता. १५, गुरुवार

दुपारी घरी आले तर वन्संचा पत्ता नाही. ओट्यावर माझं जेवण झाकलेलं. घर चिडीचूप. म्हटलं, वा, आज स्वयंपाकघर माझं एकटीचं. चमचे उलटसुलट टाकले. रेडिओ मोठा केला. मग बसून राहिले. चहा केला तर सवयीने दोन कप ओतले गेले. दोन्ही मीच प्यायले आणि रात्रीपर्यंत पित्ताने हैराण झाले.

कुठे गेला होता विचारलं तर म्हणाल्या, जुन्या मैत्रिणीकडे, हॉस्पिटलच्या बाजूला. मैत्रीण आहे तर घरी बोलवा म्हटलं. नुसत्या हसल्या.

ता. १८, रविवार

आज जमलं. जमलं म्हणजे जमलंच.

तेल मध्यम, एका वेळी तीनच सोडायचे, कडेने फिकट पट्टी दिसली की समजायचं आतून हलके झालेत. फ्रॉस्टिंग वन्सं ढवळत होत्या. लोणी मंद पातळ करायचं, त्यात मेपल सिरप, मग पिठीसाखर आणि चिमूटभर मीठ. वास असा सुटला की शेजारीण जिन्यात उभी राहून विचारायला लागली काय चाललंय. मी घाईने गरम डोनटवरच ओतलं, तर सगळं घरंगळून ताटात. वन्सं म्हणाल्या, ताप उतरू दे. दुसरा घाणा कोमट होऊ दिला, पालथा धरून बुडवला, वर काढला. तपकिरी, चकचकीत, हळूहळू वरून सुकत गेलेलं. हे दोन खाऊन उठले, परत येऊन आणखी दोन खाल्ले, आणि आमच्या लग्नाच्या इतक्या वर्षांत पहिल्यांदा न विचारता कौतुक केलं. म्हणाले, हे विकत मिळत नाही.

वन्संनी बोटाला लागलेलं फ्रॉस्टिंग चाटलं. मेट्रनने, हात न धुता. मग म्हणाल्या, आता तुला छान जमलं, आता माझी काही गरज नाही. मीही ऐटीत म्हणाले, हो मग, जमलंच. खरंच जमलं होतं ना.

दुपारी त्यांनी पलंगाखालची मोठी बॅग काढून स्वच्छ पुसली. धूळ बसली होती म्हणे. सगळे कपडे इस्त्री करून ठेवले. त्यांना एक मिनिट स्वस्थ बसवत नाही, हेच खरं.

ता. २४, शनिवार

पहाटे पीठ भिजवलं. माझा हात मळण्यात, त्यांचा तळण्यात, मधे बोलायचीही गरज पडेना. मी झारा मागायच्या आत झारा हातात. चाळीस-एक डोनट झाले, सगळे सारखे गोल. शेवटचा घाणा बुडवत होतो तेव्हा वन्सं म्हणाल्या, "अगं, मला जागा मिळाली. एक तारखेपासून. हॉस्पिटलजवळच आहे, खोली चांगली आहे. तुझं हे काम पार पडेपर्यंत बोलले नाही."

मी म्हणाले, "अरे वा."

 अरे वा म्हणाले आणि डोनट डब्यात भरत राहिले.

नव्या दवाखान्यात डोनट ठेवल्या ठेवल्या संपले. सँडविच तशीच राहिली, फळांना तर कुणी हात लावला नाही. डॉक्टरांनी तीन खाल्ले आणि वर मला म्हणाले, तुम्ही दुकान काढा, मग मला पेशंटची ददात नाही. सगळे हसले. मी पण हसले. केवढी वाट बघितली होती या कौतुकाची, आणि ऐकताना कान कुठे भलतीकडेच होते.  मी स्वतः एकही डोनट खाल्ला नव्हता. कुणी विचारलं की सांगत होते, मी नुसतं मळलं, तळले माझ्या नणंदेने. दर वेळी सांगताना डोळे भरून येत होते. आतली मुलगी म्हणाली, कांद्याची सँडविच आहेत म्हणून असेल.

ता. २५, रविवार

सकाळी यांना धरलं. म्हटलं, तुमची सख्खी बहीण घर सोडून चाललीय आणि तुम्ही पेपर काय वाचताय. हे म्हणाले, मी विचारलं तिला. ती म्हणाली, तुझ्या बायकोला तिचं स्वयंपाकघर परत मिळायला हवं.

आता हे त्यांच्या डोक्यात कुणी भरवलं? मी तर कधी तोंडातून ब्र काढला नाही. यांनीच काहीतरी बोलून ठेवलं असणार. मी तसं म्हटल्यावर हे बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले आणि मग बिजागरी दुरुस्त करायला उठले. आजच बरी आठवण झाली.

वन्सं खोलीची किल्ली घ्यायला निघाल्या होत्या. मी म्हटलं, मीही येते, बघू तरी कसली जागा आहे ती. बसमध्ये दोघी शेजारी बसलो. घरमालकीण पोक्त बाई, ठसठशीत, स्वभावाने चांगली वाटली. तिने किल्ली वन्संच्या हातात ठेवली आणि आमच्याबरोबर वर आली, खोली तिसऱ्या मजल्यावर. आणि खोली चांगली निघाली, हेच मला सहन होईना. मोठी खिडकी, उजेड, भिंती नुकत्या रंगवलेल्या, कोपऱ्यात छोटासा ओटा. एका माणसापुरता. एक शेगडी, एक फळी.

मी नळ सोडून बघितला. म्हटलं, धार बारीक आहे. घरमालकीण म्हणाली, सकाळी चांगली येते. मी म्हटलं, फळी फार वर आहे. वन्सं म्हणाल्या, माझा हात पोचतो. म्हटलं, तीन मजले चढायचे. म्हणाल्या, आयुष्यभर चढले. मग मला काही खोट सापडेना. वन्संनी पिशवीतून फडकं काढलं आणि तो रिकामा ओटा पुसायला लागल्या. पुसण्यासारखं काही नव्हतंच त्यावर. त्यांची पाठ माझ्याकडे होती. एवढ्याशा ओट्याशी एकटं माणूस किती वेळ उभं राहणार, कुणासाठी काय करणार, हे त्या पाठीकडे बघताना माझ्या मनात आलं, आणि मला एकदम रडूच कोसळलं. अनोळखी बाईसमोर. लाज वाटायला हवी होती, पण वाटली नाही.

मी म्हणाले, "वन्सं, नका ना जाऊ. मला एकटीला नको आहे ते स्वयंपाकघर."

त्यांचा हात थांबला. वळल्या नाहीत. म्हणाल्या, मी या बाईंना शब्द दिलाय. मी म्हटलं, मग शब्द परत घ्या, मी बाईंची माफी मागते. त्या म्हणाल्या, माझ्या सवयी तुला जाचतात. मी म्हटलं, जाचतात, खोटं कशाला बोलू, चमचे तर फारच जाचतात. पण तुम्ही नव्हतात त्या दुपारी मी काय केलं ते माझं मला ठाऊक. मला सवय झाली तुमची. मला आवडता तुम्ही.

घरमालकीण एकदा माझ्याकडे बघत होती, एकदा त्यांच्याकडे. वन्संनी फडक्याची नीट चौकोनी घडी केली, ती पिशवीत ठेवली, डोळ्यांना रुमाल लावला, रुमालाचीही घडी केली. मग ताठ उभ्या राहिल्या, वॉर्डात राऊंडला निघाल्यासारख्या, आणि किल्ली पुढे करून घरमालकिणीला म्हणाल्या, "माफ करा बाई, मला खोली घेता येणार नाही. माझ्या भावजयीला माझी गरज आहे."

गरज म्हणे. मी गरज हा शब्द कुठे काढला होता? आवडता म्हणाले होते मी, गरज नव्हते म्हणाले. मी तोंड उघडलंसुद्धा. पण घरमालकीण वाट बघत होती, आणि वन्सं खिडकीबाहेर बघत होत्या, आणि किल्ली पुढे केलेला त्यांचा हात अजून तसाच होता.

मी म्हटलं, "हो, आहे."